अक्काची सात लाकडं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या आठवडी बाजारात शेपूच्या जुडीवरून एका बाईशी भांडत होते. फोनवर आमचे हे एवढंच म्हणाले, "घरी ये. अक्का गेली." मी विचारलं, "कुठं गेल्या?" विचारलं आणि मग उमगलं… शेपू तिथंच राहिला. सकाळी धुणं वाळत घालता घालता त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत, असं नंतर कळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. बावीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर होतो. पुढे किराणा दुकान, मागे खोल्या, त्यामागे परस आणि न्हाणी. त्या गेल्यावर जो तो यायचा आणि म्हणायचा, "लई सोशिक बाई." हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोशिक कशानं झाल्या? सोसायला लावणारं कुणीतरी घरात होतं म्हणूनच ना! त्यात मीही होते, आणि आज तेच लिहायला बसलेय. कौतुक ऐकायचं असेल त्यांनी पुढचं वाचू नये.

गेल्या आषाढात अक्का बायकांच्या दोन दिवसांच्या शेती शिबिराला जाऊन आल्या आणि पिशवीतून ज्वारी काढली. दाण्यांवर पांढरा कापूस चढलेला. मी ओरडलेच, "अहो, बुरशी लागलीय, उकिरड्यावर टाका!" त्या हसल्या. "अगं, हेच बियाणं हाय. अळंबीचं. लाकडावर येती." मग त्यांनी मला कधी न सांगितलेलं सांगितलं. त्यांचं माहेर पाटोद्याकडचं, डोंगराच्या कडेला. पावसात सडक्या लाकडांवर अळंबी फुटायची आणि त्यांची आई ती काळ्या मसाल्यात करायची. लग्न होऊन आल्यावर त्यांनी एकदा बाजारातून आणू का म्हणून विचारलं, तर, आमचं घर लिंगायत, सासूबाईंनी गळ्यातलं लिंग हातात धरून सांगितलं, "ते मटनातच मोडतं. आमच्या घरात असलं चालत न्हाई." तीस वर्षं अक्कांनी परत नाव काढलं नाही. "एकदाच खायची हाय गं," त्या म्हणाल्या. "परसात चूल मांडीन. घरातलं भांडंसुदिक घेनार न्हाई."

एका बाईला तीस वर्षांत एवढंच हवं होतं.

वखारवाल्या सलीमभाईंनी शाळेमागच्या तोडलेल्या आंब्याची सात ओली लाकडं दिली. मशीन आणून त्यांना भोकंही पाडून दिली. अक्कांनी एकेका भोकात ती ज्वारी भरली, वरून मेणबत्तीचं मेण ओतून तोंडं बंद केली आणि न्हाणीमागच्या सावलीत विटांवर लाकडं मांडून पोती पांघरली. रोज चार वाजता पाणी. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी मी बाजूला ठेवायचे, त्यात त्या स्वतःच्या आंघोळीतलं वाचवलेलं घालायच्या. तरी ओसरीवरच्या खाटेवरून आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, रोज ओरडायच्या, "पुरे की गं आता! मानसाला पानी न्हाई आन् लाकडाला कितीक पाजती!" आणि अक्कांचं ठरलेलं उत्तर, "झालंच, आत्या."

आणि मी? मी शेजारणींना बोलावून दाखवायचे. "बघा, आमच्या अक्का बाळंत व्हायच्यात, सात-सात!" बायका खो खो हसायच्या. अक्काही हसायच्या. आता आठवतं, त्या हसताना पदर तोंडावर घ्यायच्या… तेव्हा वाटलं लाजतात.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला हाताला धरून मागे नेलं. विळ्याच्या टोकानं साल थोडी उचलली. आत पांढरंशुभ्र, साईसारखं. "बघ, धरलंय. हे आतपत्तर गेलं की थंडीत येतेत." मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाला दाखवू? समदे हसतेत." मीही हसत होते की. पण माझं हसणं त्यांनी धरलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात भाच्याच्या लग्नाला त्या पाच दिवस माहेरी गेल्या. जाताना सांगून गेल्या, "तेवढं पानी घाल गं." मी घातलं नाही. आल्या आल्या पायातली चप्पल न काढता त्या परसात गेल्या, पोत्यांवरून हात फिरवला. कोरडी ठाक. "इसरलीस व्हय?" मी म्हटलं, "हो." मी विसरले नव्हते. पाचही दिवस चार वाजता आत्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांची मर्जी हवी होती. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालून अक्कांनी लाकडं सावरली. पुढं ऐन पौषात त्याच गेल्या.

अक्कांच्या गणाराधनेला, म्हणजे दिवसांच्या जेवणाला, सगळा गोतावळा जमला. परसात चर खणून चूल पेटवलेली. आणलेलं जळण कमी पडलं. आचाऱ्यानं पोती बाजूला सारली आणि एका लाकडावर कुऱ्हाड घातली. ते फाटलं. पार गाभ्यापर्यंत पांढरं… अक्का म्हणाल्या होत्या तसं. आचारी म्हणाला, "बाई, हे तर सडकं हाय. घेऊ का नको?" ओसरीवर आत्या बसलेल्या, नणंदा बसलेल्या, सगळे माझ्याकडे बघत होते. ते पांढरं काय होतं हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. मी म्हटलं, "जाळा. पडूनच हायत."

ओलं लाकूड ते, नीट जळेना. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरले. तेवढ्यात सलीमभाई भेटायला आले. चुलीकडे बघून थबकले. "भाभी, हे तर अक्कांचे…" जेवायला थांबा म्हटलं, तर हात जोडून निघून गेले. त्या दिवशी सगळ्यांनी भाताचं कौतुक केलं.

दीड महिना झाला. तांदूळ धुतलेलं पाणी मी अजून बाजूला ठेवते, हाताला सवय झालीय. परवा ते घेऊन परसात गेले. विटा तशाच आहेत, सात जोड्या. पोत्यांची घडी कुणीतरी नीट घालून ठेवलीय. उभी राहिले आणि पातेलं विटांवर रितं केलं. आत्यांना सगळं कळतं, अक्कांसाठी त्या रडल्यासुद्धा, पण चार वाजले की तोंडाला भान राहत नसावं. ओसरीवरून हाक आली, "पुरे की गं आता! लाकडाला कितीक पाजती!"

आत्या, लाकडं जळाली, मीच जाळायला लावली, हे सांगायला तोंड उघडलं.

"झालंच, आत्या," मी म्हटलं.