बिरसीला गेलेली बाटली

शांते, सौंदडच्या फलाटावर तू माझी पत्र्याची पेटी धरून उभी होतीस. तू रडली नाहीस, म्हणून मीही रडले नाही. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि आपल्या घरात मॅट्रिक झालेली मी पहिलीच. नागपूरला औषधं बनवायचं शिकायचं होतं, पण त्याआधी दवाखान्यात काम केल्याचा दाखला लागत होता. आपले बाबा गाडीच्या खिडकीशी आले. "धान निघेपर्यंत पाह्यतो. काम नाही भेटलं तं परत ये. मंग लगन."

गोंदियात मावशीकडे उतरले आणि औषधांचं एकही दुकान सोडलं नाही. "बहनजी, यह मर्दों का काम है," हेच सगळीकडे ऐकलं. एकाने तर मी तोंड उघडायच्या आत, भिकारणीला करतात तसा हात हलवला. त्या दिवशी रेल्वेच्या पुलावर बराच वेळ उभी होते. मनात काय आलं ते तुला कधी लिहिलं नाही, आताही लिहीत नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाटल्या धुवायला ठेवलं. त्यांचे कंपाउंडर तुकारामजी पुढे पट्ट्याही कापायला देऊ लागले. कागदाची खाचा पाडलेली पट्टी बाटलीवर डकवायची. एक खाच म्हणजे औषधाचा एक डोस.

एका सकाळी गर्दी ओसरली, तेव्हा टेबलावर खोकल्याची बाटली पट्टीशिवाय उरलेली दिसली. तिची पट्टी मी अंगाला चोळायच्या औषधावर डकवली होती, आणि ती बाटली घेऊन एक शेतकरी बैलगाडीने बिरसीला निघून गेला होता. ते विष कुणाच्या पोटात गेलं तर?

मी तशीच निघाले. धानाच्या बांधांवरून पळत, पडत, पुन्हा पळत. घर विचारत पोचले तर बाटली कोनाड्यात होती, बूच तसंच.

"काऊन पळत आली वो पोरी?" घरातल्या म्हातारीने विचारलं. मी तिच्या ओसरीवर बसून रडले.

बाटली परत आणून डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. पायरीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तुकारामजी बाहेर आले. "अथी कायले बसून राहिली? बाटल्या तशाच पडून राहिल्या ना." मी आत गेले. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान खाली घालून लिहीत राहिले.

धान निघालं आणि बाबा आले. दाखला अजून मिळाला नव्हता. "चाल," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही येत." त्यांनी खांद्यावरचं पोतं उतरवलं. "नवे तांदूर आहेत. खाजो." आणि मागे न पाहता गेले.

दाखला पुढच्या वर्षी मिळाला. नागपूर झालं, नोकरी लागली, बिऱ्हाड मांडलं. बाबा तिथे कधी आले नाहीत.

यंदा त्यांची तेरवी आटोपल्यावर मी सहज बोलून गेले, "उद्या घरी जाते." तू हातातलं सूप आपटलंस. "मंग हे काय व्हय?"

तुझा राग पाहून बरं वाटलं, शांते. बाबांच्या घरात मी पाहुणी आहे हे बाकी सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलं, मीसुद्धा. तू तेवढी अजून भांडतेस.