नारळावरचा हात

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली तेव्हा बाबांनी तिच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. सेक्रेटरींनी रिबीन आणली होती, कात्री आणली होती, पेढेही आणले होते. बाबा लुंगी बदलून, पँट चढवून खाली आले आणि म्हणाले, "रिबीन मागसून. आधी देवाक सांगूक व्हया." मग कांदिवलीतल्या आमच्या त्या पार्किंगमध्ये, सगळ्या शेजाऱ्यांसमोर हात जोडून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ही लिफ्ट आज आमच्या दारात इली असा. हिका मधीच अडकाक देऊ नको. हिच्यातसून जाणारो-येणारो सुखरूप आपल्या माळ्यार उतरांदे रे म्हाराजा!"

अशा प्रत्येक मागणीला ऐकणाऱ्यांनी एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणायचं असतं. पहिल्यांदा आई आणि मी दोघीच म्हणालो. दुसऱ्या मागणीला पोरं सामील झाली, आणि शेवटी तर गुजराती काकासुद्धा हात वर करून ओरडत होते. मी लाजेनं अर्धी झाले होते. लिफ्ट मात्र अजून एकदाही मधे अडकलेली नाही. बंद पडते, पण तळमजल्यावर उभी राहून. बाबांचं म्हणणं, देवाशी जेवढं ठरलं होतं तेवढं त्यानं पाळलं, बाकीचं सोसायटीनं बघावं.

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईत आले आणि येताना हे गाऱ्हाणं घेऊन आले. देवापुढे नारळ ठेवायचा आणि घरातल्या कर्त्या माणसानं सगळ्यांच्या वतीनं, मोठ्यानं, मालवणीत त्याच्याशी बोलायचं. आजोबांनंतर ते काम बाबांकडे आलं. परीक्षा, मुलाखत, बाळंतपण, नवा फ्रिज, काहीही असो, आधी नारळ. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हा त्यांनी देवाला इतक्या स्पष्ट शब्दांत माझं बीजगणित समजावून सांगितलं की ऐकूनच मला घाम फुटला.

त्या गाऱ्हाण्यात फक्त आपलंच मागायचं नसतं, हा बाबांचा नियम. मागणं माझ्या परीक्षेचं असलं तरी त्यात तळमजल्यावरच्या मावशींचा मोतीबिंदू यायचा, वॉचमनच्या गावाकडचं लग्न यायचं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या बाथरूममधून आमच्या छतावर पाणी झिरपत होतं आणि त्यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, त्या वर्षीही ते वगळले गेले नाहीत. "वरच्या माळ्यावरच्या गृहस्थाक बरो प्लंबर गावांदे रे म्हाराजा!" आमची दारं उघडी होती. ते जिन्यात उभे राहून ऐकत होते. त्याच आठवड्यात प्लंबर आला आणि दोन्ही घरं पुन्हा बोलायला लागली.

एक माणूस मात्र बाबांच्या गाऱ्हाण्यात कधी नसायचा, तो म्हणजे ते स्वतः. त्यांचं मूतखड्याचं ऑपरेशन होतं तेव्हा आईनं सुचवलं, एकदा स्वतःसाठी मागा. ते म्हणाले, "घालणाऱ्यान आपणासाठी मागूक नसता. आणि देवाक दिसता मरे माझा काय ता." विषय संपला.

आमच्या घरात थँक्यू म्हणायची पद्धत नाही. म्हणजे मी ऑफिसात दिवसभर म्हणते, लिफ्टचं दार धरणाऱ्यालाही म्हणते. बाबांना ते आवडायचं नाही. कुणी मदत केली तर ते तोंडावर काही बोलायचे नाहीत, उलट जरा घुश्शातच असल्यासारखे वागायचे. पण पुढच्या गाऱ्हाण्यात तो माणूस हमखास असायचा. "थँक्यू म्हटला की माणूस मोकळो," ते म्हणायचे. "मागसून लक्षात ठेवूक नको."

समोरच्या काकू या गाऱ्हाण्यात सगळ्यात जास्त वेळा आल्या असतील. काकू मूळच्या मराठवाड्यातल्या, बौद्ध, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती. देवबिव त्यांना मान्य नाही आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना सांगून टाकलं होतं. बाबांनी ते पुढच्या गाऱ्हाण्यात जसंच्या तसं देवाच्या कानावर घातलं.

"समोरच्या दारातली बाय तुका मानणा नाय, ह्या तुका ठावक असा. पण आमच्या येळाक तीच आधी धावता. तू तिका मान आणि तिच्या पोरांचा बरा कर रे म्हाराजा!"

काकू दारातच उभ्या होत्या. खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "होय भाऊ!" पुढे तेच त्यांचं झालं. बाकीचे "होय म्हाराजा" म्हणत, काकू "होय भाऊ" म्हणत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या देवाचं माझं काही देणंघेणं नाही गं. पण समोरचा माणूस माझ्या पोरांचं चांगलं मागतोय, त्याला होय म्हणायला माझं काय जातंय?"

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, तो व्यायामानं थोडाफार परत आला. वाचा गेली ती आलीच नाही. त्यांना सगळं कळतं, कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ कमी आहे, सगळं. पण तोंडातून येतं एकच, "ते." पाणी हवं असलं तरी ते, पंखा बंद करायचा असला तरी ते. सुरुवातीला ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे, मग चिडायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं. हळूहळू त्यांनी प्रयत्नच सोडला. बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी त्यांची मुलगी आणि घरातली भांडखोर बाई. मी डॉक्टरांशी भांडले, फिजिओथेरपीवाल्यांशी भांडले, पण भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीशी कसं भांडायचं ते मला येईना. मला त्यांचं इतकं वाईट वाटायचं की मी त्या खोलीत जाऊन उगाच कपाट आवरत बसायची.

काकूंनी मात्र ती पाठ मानली नाही. रोज दुपारी यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि बोलायला लागायच्या. बँकेतली भांडणं, सुनेचं नवीन कुत्रं, मेथीचा भाव. "भाऊ, तुम्ही इतकी वर्षं बोललात, आता माझी पाळी. गप ऐका." बाबा भिंतीकडे तोंड करूनच ऐकायचे. एके दिवशी कुत्र्यानं सुनेची चप्पल खाल्ल्याची गोष्ट चालू होती आणि मी चहा घेऊन गेले, तर बाबांचे खांदे हसण्यानं हलत होते.

अशात माझ्या लेकीला बंगळूरला नोकरी लागली. मी आणि लेक गेली काही वर्षं आईबाबांकडेच राहतो. का ते सांगत बसत नाही, तो विषय जुना झाला. लेक जाणार याचा सगळ्यांना आनंद होता, मलाही होता. मी तिच्या बॅगा भरल्या, चकल्या तळल्या, रूमवर न्यायला छोटा कुकर घेतला. तू ठीक आहेस ना, असं कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी वसकन अंगावर गेले असते.

विमान दुपारचं होतं. सकाळी आंघोळ करून लेक हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "नारळ कुठाय? आजोबा गाऱ्हाणं घालणार ना?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं. "वेडी आहेस का? लोक येतील भेटायला. त्यांच्यासमोर बाबांची शोभा करायची आहे का?"

"शोभा काय त्यात? नाही बोलता येत तर नाही बोलणार. पण ते बाहेर बसल्याशिवाय मी टॅक्सीत बसणार नाही. सांगून ठेवते." ही जिद्द कुणाकडून आली ते विचारू नका.

ती आत गेली. बाबांनी मान हलवली, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग आईनं तोडगा काढला, दहिसरहून धाकट्या काकांना बोलावू, ते घालतील. हे ऐकताच बाबांनी डाव्या हातानं पलंगावर अशी थाप मारली की पाण्याचा तांब्या लवंडला. त्यांना आपली जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती आणि ती भरून काढायला तोंडात शब्द नव्हते. त्या घटकेला मला रडू येत होतं, आणि मला रडू यायला लागलं की मी ओरडते.

"ठीक आहे! मी घालते गाऱ्हाणं. पण मला धड येत नाही, सतरा चुका होतील. त्या दाखवायला कुणीतरी बाहेर येऊन बसा!"

आई दचकली. "बायलमाणसा खय गाऱ्हाणा घालतत गो?"

"आता घालतील," लेक म्हणाली. "आजी, तू टेन्शन नको घेऊ यार. तू फक्त जोरात होय म्हण."

दुसऱ्याच्या चुका काढणं हे बाबांचं आवडतं काम. ते उठून बसले. लेकीनं त्यांना स्वच्छ शर्ट घातला आणि धरून धरून हॉलमध्ये आणलं. वरचे गृहस्थ निरोप द्यायला आले होते, ते पुढे झाले आणि बाबांना खुर्चीत बसवलं. काकू आपल्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. बाबांसमोर पाटावर नारळ ठेवला.

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा," एवढं बरं झालं. पुढे माझी मालवणी बोरिवलीपर्यंतसुद्धा पोचली नाही. "आमची मुलगी आज बंगळूरला चालली असा. तिला, तिका सांभाळ. नोकरीत यश दे. रूम चांगली मिळू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"होय भाऊ," काकू म्हणाल्या, सवयीनं, बाबांकडे बघून.

झालं, असं समजून मी नारळ उचलायला वाकले. बाबांनी त्यावर हात ठेवला. डावा हात. देवाच्या नारळाला डावा हात बघून आई चुळबुळली. मी नारळ ओढला, त्यांनी दाबून धरला. दुसरा हात जरा उचलून त्यांनी दाराकडे दाखवलं. काकूंकडे.

मला कळलं. फक्त आपलंच मागायचं नसतं. मी पुन्हा हात जोडले आणि काकूंचे दुखरे गुडघे मागितले, म्हणजे बरे होऊ देत असं मागितलं. रोज दुपारी ज्या येतात त्यांना आयुष्य दे, म्हटलं. बाबांनी छताकडे बघितलं. मी वरच्या गृहस्थांचा रक्तदाब घेतला. मग तळमजल्यावरच्या मावशी, वॉचमन, फिजिओथेरपीवाली मुलगी. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी लिफ्टसुद्धा मागून घेतली, लोक हसले, "होय म्हाराजा!" म्हणाले. हात काही हलेना.

"आता कोण राहिलं?" मी वैतागून विचारलं.

"आजोबा, तुमच्यासाठी मागायचं?" लेक त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्यांनी जोरात मान हलवली, नाही. चेहऱ्यावर तोच जुना वैताग, एवढं साधं कळत नाही का या लोकांना. मग उजव्या हाताची बोटं कशीबशी उचलून त्यांनी माझ्याकडे दाखवलं.

आई माझ्याकडे बघत राहिली, लेकही. जाणारीसाठी सगळ्यांनी मागितलं होतं. मागे राहणारीकडे एकट्या बाबांचं लक्ष होतं.

पण घालणाऱ्यानं स्वतःसाठी मागायचं नसतं. नियम त्यांचाच. मी तशीच हात जोडून उभी राहिले. बाबांना ते दिसलं. त्यांनी मान वर केली, ओठ हलले.

"बा... देवा... म्हाराजा," ते म्हणाले.

आवाज जाडा होता, घासल्यासारखा, पण शब्द पुरे होते. वर्षभरात आम्ही ते ऐकले नव्हते. आईनं तोंडावर पदर धरला.

"ही..." बाबा माझ्याकडे बोट धरून म्हणाले. "ही... ते... ही..." पुढचं येईना. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. डोळे भरले. ते आता पुन्हा भिंतीकडे वळतील, कायमचे, असं मला वाटलं.

"होय भाऊ!" उंबऱ्यातून काकू म्हणाल्या. वाक्य पुरं व्हायची वाट न बघता, खणखणीत. "होय, होय!"

"होय म्हाराजा!" वरचे गृहस्थ म्हणाले. मग आई, मग लेक, ती तर जिन्यात ऐकू जाईल एवढ्यानं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, एकजण राहिला असल्यासारखं. गाऱ्हाणं घालणाऱ्यावर होय म्हणायची पाळी येत नाही. पण आता घालणारे बाबा होते आणि मी ऐकणारी. मला रडता रडता बोलणं जमत नाही, तरी बोलले.

"होय म्हाराजा."

बाबांनी नारळावरचा हात उचलला.