काकांच्या नावावरचं कर्ज

फोन वाजला की काका आधी घसा खाकरायचे, पाठ ताठ करायचे आणि मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि वाडी एका दमात सांगून “बोलतोय!” म्हणायचे. समोरच्याने चुकून नंबर लावला असला, तरी त्याला पार वाडीपर्यंत जाऊन यावं लागे. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाने आधीच काय कमी घोळ घातलाय!

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत काकांचं दार आमच्या दारासमोर. काका एका लहानशा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. भाजीवाल्याचे दोन रुपये राहिले म्हणून पुन्हा तीन जिने उतरणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचे काका त्या दोन रुपयांसाठी भर पावसात छत्री घेऊन उतरत. काकू वैतागायच्या. काका म्हणायचे, “मी कधी कोणाचो पैसो ठेवूक नाय.” हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की जिन्यात छत्री टेकल्याचा आवाज आला तरी आम्हाला ते आपोआप ऐकू यायचं.

अशा माणसाला बँकेने कर्ज नाकारलं. मुलीला फिजिओथेरपीला परगावी प्रवेश मिळाला होता, शैक्षणिक कर्जावर वडिलांची सही हवी होती, आणि बँकेचे साहेब म्हणाले, “तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर थकलेलं कर्ज आहे. वसुलीला गेलंय. ते निघाल्याशिवाय काही होणार नाही.” काका घरी आले ते थेट आमच्या सोफ्यावर बसले. मी विमा कचेरीत नोकरी करते, त्यामुळे पैशांतलं सगळं मला कळतं असा सोसायटीचा एक प्रेमळ गैरसमज आहे. मी रिपोर्ट फोनवर उघडला. टेम्पोसाठी घेतलेलं कर्ज. नाव काकांचं, जन्मतारीख काकांची, पत्ता आमच्याच बिल्डिंगचा. ज्यांना सायकल धड चालवता येत नव्हती, त्यांच्या नावावर टेम्पो!

“काका, वसुलीवाल्यांचा कधी फोन आला होता?”

“येतत ना. इचारतत, अमुक तमुक तुम्हीच काय? मी सांगतंय, व्हय, मीच तो. आणि गाव, वाडी पण सांगतंय. मगे ते शिव्या घालतत.”

झालं! प्रत्येक फोनवर काका स्वतःच कबुलीजबाब देत होते.

‘हे खातं माझं नाही’ अशी तक्रार मी ऑनलाइन टाकली. उत्तर यायला महिना लागणार होता. काकांना एवढा धीर कुठला? त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गावच्या पद्धतीने गाऱ्हाणं घातलं. मी दारातच होते. “बा देवा महाराजा, ज्या कोणी माझ्या नावाक बट्टो लावलो असात, तेचा वाटोळा कर रे महाराजा!” मागून काकू पोळपाट-लाटण्यासकट ओरडल्या, “व्हय महाराजा!” मला हसू आवरेना. मी ओढणी तोंडात कोंबून घरी पळाले.

महिन्याने उत्तर आलं: नाव, तारीख, पत्ता जुळतो, माहिती बरोबर आहे. मग मी रजा टाकली आणि काकांना घेऊन त्या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या घाटकोपरच्या कचेरीत गेले. तिथला मुलगा बोलायला झकास होता. त्याने मूळ फाईल काढली, चाळली आणि एकदम खूश झाला.

“अरे, हे कर्जदार तर वारलेत ना! मानखुर्दला. वर्ष झालं. त्यांच्या बायकोने दाखला दिलाय, वसुलीवाल्यांना कोणी कळवलं नसेल. चला काका, तुमचं काम सोपं झालं. तुम्ही जिवंत आहात, म्हणजे हे तुम्ही नाही!”

आणि त्याने फाईल आमच्याकडे वळवली. वर फोटो होता. काका फोटोवर वाकले.

“ह्यो आमचो थोरलो,” ते म्हणाले.

भावकीतला भाऊ. वाडीत नावं कमी आणि माणसं जास्त, असं काका पूर्वी गमतीने सांगायचे. दोघांना नाव एकाच पणजोबांचं, दोघांच्या वडिलांचीही नावं एकच. शाळेत गुरुजींनी अख्ख्या वाडीतल्या पोरांची जन्मतारीख एक जून लिहून टाकली होती, त्यात हे दोघे एका बाकावरचे. हाक मारायची सोय म्हणून एक थोरला, एक धाकटा. मुंबईत आल्यावर थोरला चार वर्षं काकांकडेच राहिला, म्हणून त्याच्या कागदपत्रांवर पत्ताही हाच राहिला. पुढे गावच्या घरात गणपती आणायची पाळी कोणाची, यावरून दोघांचं फाटलं. ते दहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. मुलुंड ते मानखुर्द अंतर ते किती! पण त्याच्या जाण्याची बातमी काकांना एका परक्या पोराकडून मिळाली, तीही पेढे वाटावेत अशा आवाजात.

बाहेर आलो तेव्हा काकांनी माझं मनगट पकडलं. “मी गाऱ्हाणा कोणाच्या नावान घातलंय गो बाय?”

“काका, ते तर आधीच गेले होते,” मी म्हटलं. यात धीर कसला होता, देव जाणे.

आता बँकेला फक्त ‘तो कर्जदार मी नव्हे’ असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. टायपिस्टकडे मजकूर तयारच होता, त्याने नावं भरून दिली. शेवटची ओळ होती, ‘सदर मयत इसमाशी माझा कोणताही नातेसंबंध अथवा व्यवहार नाही.’ आयुष्यात पहिल्यांदाच काका कागद पुन्हा पुन्हा वाचत होते.

“व्यवहार नाय, ता खरा. नातेसंबंध नाय, कसा लिवू? एका ताटात जेवललो आमी.”

“ठरलेला मजकूर आहे, काका,” टायपिस्ट म्हणाला. “बदललात तर परत पाठवतील. मग पुन्हा महिना.”

मुलीची फी भरायला आठवडा उरला होता. काकांनी सही केली. नेहमी पूर्ण नावाची, वळणदार सही करणारा माणूस त्या दिवशी नुसतं नाव खरडून उठला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं म्हणून मी त्यांची बेल वाजवली. दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. काकांनी डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवली होती. आंघोळ करून ते तसेच ओलसर, धुवट शर्टात उभे होते. ऐकलं त्या दिवसापासून सुतक, काकू आतून हलकेच म्हणाल्या.

बँकेत साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर वर, काकांच्या डोक्याकडे गेली.

“अरे, काका... कोण गेलं?”

काकांनी घसा खाकरला.

“भाऊ.”

“अरेरे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारला.