गुटीचं पाणी

मी बी.एस्सी.ला पब्लिक हेल्थ घेतलं तेव्हा गावात सगळ्यांना एकच कोडं पडलं होतं, की ही नक्की होणार कोण? डॉक्टर नाही, नर्स नाही, औषधांचं दुकानसुद्धा टाकता येणार नाही. मी समजावून सांगायचे, की माणूस आजारी पडला तर डॉक्टर बघतो, तो पडूच नये म्हणून काय करायचं ते आम्ही शिकतो. यावर माझे चुलते म्हणाले, "म्हंजी कुणी आजारीच न्हाई पडलं तर तुझं नाव घेणार कोण?" प्रश्न बरोबर होता, त्यामुळे मला राग आला. आईने सोपा मार्ग काढला होता. कुणी विचारलं की ती सांगायची, "शिकतीय कायतरी दवाखान्याचं," आणि विषय बदलायची.

तिला माझ्या शिक्षणाची गरजही नव्हती. आमच्या गावात तान्ह्या बाळांना न्हाऊ घालावं ते माझ्या आईनेच. कुणाच्या घरी पाळणा हलला की पहिला निरोप तिला. बाळाला तेल किती जिरवायचं, शेक कधी द्यायचा, बाळंतिणीने काय खायचं, यात तिचा शब्द शेवटचा. तिच्यापुढे मी म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली.

आमचं गाव कामशेतच्या आत, डोंगराच्या पायथ्याला, कॉलेज तळेगावात. दुसऱ्या वर्षी आम्हाला लोणावळ्याच्या अलीकडच्या गावांत पाण्याची पाहणी करायला पाठवलं. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, टाकीत जंतुनाशक पावडर पडली आहे. मग घरोघरी विचारायचं, "प्यायला पाणी कुठलं?" सगळीकडे नळ पिवळे आणि उत्तर एकच, "नळाचं." तरी पावसाळ्यात गावात जुलाब होतेच. माझ्या जोडीला तुंगार्लीची एक मैत्रीण होती. कुणी तांब्या पुढे केला की ती घरून आणलेली फिल्टरच्या पाण्याची बाटली दाखवायची. मला ते जमत नसे. दारात दिलेलं पाणी नाकारायचं म्हणजे आमच्याकडे भांडणच.

एका घरी मावशींनी तांब्या दिला आणि पहिल्या घोटाला मला कळलं, की हे पाणी नळाचं नाही. पावडरचा वास नव्हता आणि पाणी गोड होतं.

"मावशी, हे कुठलं?"

"झऱ्याचं. पावण्याला नळाचं कसं द्यायचं?"

"आत्ता तर म्हणालात, नळाचं पितो."

"व्हय, आमी पितोच की. पर भाताला, पावण्याला आन बाळंतिणीला झऱ्याचं. नळाच्या पाण्यात इंद्रायणी शिजवला तर वास ऱ्हातो व्हय त्याला?"

मला हसू आलं, कारण आमच्या घरी हेच होतं. दारात नळाचा हंडा, आत झऱ्याचा माठ. इंद्रायणी तांदळाचा वास पावडरच्या पाण्याने मरतो, याबद्दल मावळात कुणाचं दुमत नाही, माझंही नाही. भाताचं पाणी उकळतंच, त्याचा काही त्रास नाही. पण जे पाणी चांगलं मानलं ते लोक जिवाभावाच्या माणसासाठी राखून ठेवत होते. पाहुणा, बाळंतीण, तान्हं मूल. ज्याला सगळ्यात जपायचं त्यालाच बिनपावडरचं पाणी, तेही कच्चं. कॉलेजातल्या मॅडमनी मला हे वर्गात सांगायला लावलं आणि मी दिवसभर हवेत होते.

त्या वेळी माझी मोठी बहीण बाळंतपणाला घरी आलेली होती. तिचं सासर बेगडेवाडीला, नवरा कारखान्यात शिफ्टला. बाळ तीन महिन्यांचं. आई रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालून सहाणेवर बाळगुटी उगाळायची. हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, एकेकाचे मोजके वळसे, आणि पाणी अर्थातच माठातलं. वर्गात बोलले त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, की डॉक्टर तर म्हणतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, आणि द्यायचीच असेल तर गुटीचं पाणी उकळून घे.

"तुला ह्याच पाण्यात उगाळून पाजली," आई म्हणाली. "मेलीस का?"

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर आहे, पण ते आईला देता येत नाही. जी मुलं जगली नाहीत ती 'हो' म्हणायला येत नाहीत, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढच्याच आठवड्यात बाळाला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यासारखे. मी कॉलेजला निघाले होते. बाळाला हात लावायला वाकले तर डोक्यावरची टाळू खोल गेलेली आणि बाळ रडत होतं ते बिनअश्रूंचं. आईनेही ते पाहिलं होतं. "टाळू पडलीय. तेल भरते, आन गुटी जरा जास्त देते," ती म्हणाली आणि सहाण ओढली.

अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, हे आम्ही नुकतंच शिकलो होतो. मी फार घाबरले. घाबरले की माझा आवाज चढतो. मी सहाण आईच्या हातातून काढून घेतली आणि ओरडले, "ताई, चप्पल घाल!" ताई एकदा आईकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मग तिने बाळ उचललं. जीपमध्ये ती मला म्हणाली, "तुझं खरं निघू दे, एवढंच." बाळ तिच्या मांडीवर मान टाकून पडलेलं होतं आणि मला त्या घटकेला माझं एकही पुस्तक आठवत नव्हतं.

तळेगावच्या दवाखान्यात बाळाला सलाईन लावलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. दोनतीन दिवसांत ते हसायला लागलं. पण माझा घोर वेगळाच होता. बाळ परत त्याच घरात, त्याच माठापाशी येणार होतं, आणि सहाण अजून आईच्याच ताब्यात होती.

बाळ घरी येण्याच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून पाणी तपासायच्या बाटल्या आणल्या. छोटी बाटली, आत औषध. पाणी भरून ऊबेत ठेवायची. घाण असली तर पाणी काळं पडतं. एकीत नळाचं भरलं, एकीत माठातलं, आणि दोन्ही चुलीजवळ ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माठातली काळीकुट्ट, नळाची होती तशी. मी बाटली आईसमोर धरली.

"तूच कायतरी टाकलं असशील," ती म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

मी रडले. राग आईचा नव्हता. घरातल्या एका माणसाला पटवता येत नाही आणि मी गावं सुधारायला निघालेय, याचा राग होता. ताई बाळाला घेऊन आली. त्या दिवशी गुटी दिली नाही, बाळ अशक्त आहे म्हणून. दोन दिवसांनी मी बाळाची दुपटी आवरत होते, तर घडीत काहीतरी टणक लागलं. माझ्याच पिशवीतली तिसरी बाटली होती, दुपट्यात नीट गुंडाळून ऊबेला ठेवलेली. आदल्या दिवशी आई कळशी न घेताच झऱ्यावर जाऊन आली होती; बाटली तिने स्वतः तिथे भरली होती, माझा हात लागू न देता. पाणी काळं झालेलं होतं. मी बाटली होती तशी परत गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ न्हायलं आणि आईने चुलीवर छोटं पातेलं ठेवलं. पाणी खळखळ उकळू दिलं, निववलं, आणि त्यात गुटी उगाळली. गुटी बंद करणं मला जमलं नाही. ते ताईने सासरी गेल्यावर केलं.

काही दिवसांनी गावात आणखी एका घरी बाळ झालं. आई न्हाऊ घालायला निघाली, मला म्हणाली, "चल, टॉवेल धरायला." तिथली आजी माठातलं पाणी घेऊन सहाणेपाशी बसली, तशी आईने तिचा हात धरला.

"कच्च्यात उगाळू नगंस. उकळून घे."

"हे कुणी सांगितलं?" आजीने विचारलं.

मी टॉवेल घेऊन उभी होते. कानात प्राण आणून.

"सांगायला कशाला पायजे?" आई म्हणाली. "आमच्यात पयल्यापास्नं असंच."

मला चुलत्यांचा प्रश्न आठवला. असा राग आला, की टॉवेल तिथेच टाकून घरी जावं. आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं, की तोंड लपवायला मी बाळाकडे वळले.

घरी येताना आई माझ्यापुढे चालत होती. वळणावर थांबली आणि मागे न बघताच म्हणाली, "तुझ्याकडं बाटली हाय का आणिक एक? त्यांच्या माठाची बघू."