मासळीच्या बर्फावर चाललेली स्नोमोबाइल

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात अब्बांचं यार्ड आहे. पत्र्याची शेड, एसीची एक केबिन आणि उन्हात उभ्या पंधरा-वीस जुन्या गाड्या. परदेशातून आलेल्या वापरलेल्या गाड्या अब्बा घेतात, दुरुस्त करतात आणि आणखी पुढच्या देशांत पाठवतात. रत्नागिरीहून ते इथे मेकॅनिक म्हणून आले होते. मालक झाले, तरी बोटांच्या पेरांतलं ऑइल काही गेलं नाही. मी दुबई मरीनातल्या एका ऑफिसात काम करते आणि शनिवारी यार्डात बसून अब्बांचे इंग्रजी मेसेज लिहिते. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही, फक्त टाइप करावं लागतं. म्हणून ते काम मला आवडतं.

सप्टेंबरात शेजारच्या यार्डात कॅनडाहून आलेला एक कंटेनर उघडला आणि दोन पिकअपच्या मागे एक स्नोमोबाइल निघाली. ते यार्ड एका अफगाण चाचांचं. अब्बांची आणि त्यांची जुनी दोस्ती, म्हणजे रोज चहा आणि रोज एकमेकांच्या मालाची टिंगल. चाचांनी ती शेडमध्ये ओढून ठेवली. पुढे दोन घसरते पाय, मागे रबराचा रुंद पट्टा, वर लांब सीट. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

"शेर है, हबीबी," चाचा म्हणाले. "बस जंगल गलत मिला है."

आमच्याकडे तिला गिऱ्हाईक होतं. जॉर्जियातला एक माणूस दरवर्षी अब्बांकडून पिकअप नेतो. त्याचं गाव डोंगरात आहे, बर्फ पडला की रस्ता काही महिने बंद होतो, आणि आजारी माणसाला खाली रस्त्यापर्यंत आणायचं तर काहीतरी लागतं. अशी वस्तू हाती आली तर कळवा, असं त्याने गेल्याच हिवाळ्यात लिहिलं होतं. तो मेसेज मीच अब्बांना वाचून दाखवला होता.

अब्बांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता, पण इंजिन म्हटलं की त्यांना धीर येतो. "फोर-स्ट्रोक आहे," ते म्हणाले. "पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. आपल्या गाड्यांसारखीच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पुस्तक इंग्रजीत आहे. तू वाच. या वेळी घ्यायची की नाही ते तूच सांगायचं, बाय."

मी नको म्हणाले असणार. निदान मनात तरी.

माहितीपुस्तिका मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस वाचली. ही स्नोमोबाइल क्रॉसओव्हर जातीची होती, म्हणजे थोडी दाबून बसलेल्या वाटेसाठी, थोडी ताज्या भुसभुशीत बर्फासाठी. एक गोष्ट मात्र अब्बांना सांगायलाच हवी होती. गाडीसारखा पुढून वारा घेणारा रेडिएटर तिला नव्हता. पट्टा फिरताना बर्फ वर उडवतो, त्या बर्फाने तिचं पाणी थंड होतं. बर्फ नसेल तर इंजिन दोन-चार मिनिटांच्या वर चालवायचं नाही. हे मी फोनवर सांगितलं.

"काय? मोठ्याने बोल गो."

पुन्हा सांगितलं.

"तोंडात काय धरून बोलतेस? नीट बोल."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "मग बर्फ आणू."

मला वाटलं, थट्टा करतायत. शनिवारी सकाळी ते मला पिकअपमध्ये घालून मासळीबाजाराजवळच्या बर्फवाल्याकडे घेऊन गेले. अब्बांच्या वडिलांची होडी होती. मासळीचा बर्फ कसा घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. चुरा केलेल्या बर्फाची पोती भरताना बर्फवाल्याने विचारलं, "मछली कितनी है?"

"एक ही है," अब्बा म्हणाले. "पर बडी है."

परत येताना आम्ही काही बोललो नाही. गाडीत आम्ही बोलतच नाही. ते चालवतात, मी उजवीकडे बसून खिडकीबाहेर बघते. त्यांनाही माझ्यासारखी शांतता आवडते, असं मी धरून चालले होते.

चाचांच्या शेडमध्ये दोन मेकॅनिकनी स्नोमोबाइलचा मागचा भाग स्टँडवर उचलून धरला होता, पट्टा जमिनीपासून वर. खाली बर्फाचा ढीग. एक जण फावड्याने पट्ट्यावर बर्फ टाकणार, दुसरा थ्रॉटल देणार. वास सुरमईचा. कुठूनशा दोन मांजरी येऊन बसल्या.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. बर्फ उडाला, चाचांच्या दाढीवर जाऊन बसला, आणि ते खूश झाले. अब्बांनी आपल्या कागदी कपातला चहा पुढच्या झाकणावर ठेवला आणि वाकून त्यात बघू लागले.

ही त्यांची नवी पद्धत होती, फार तर वर्षभरापूर्वीची. चहावर सारखे, बारीक गोल उठले तर इंजिन चांगलं. लाटा वेड्यावाकड्या आल्या तर खोट आहे. आधी ते असं करायचे नाहीत. आधी डोळे मिटून नुसते उभे राहायचे. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून शेजारी उभं करून विचारायचे, "काय ऐकलंस?" मला इंजिनातलं जे थोडंफार कळतं ते तिथलं. पट्ट्याची चीं, बेअरिंगची घरघर, आणि वरच्या अंगाने येणारी टिकटिक. टिकटिक थंड इंजिनात चालते, ते म्हणायचे, गरम झाल्यावर गेली पाहिजे.

टिकटिक येत होती. दुसऱ्या खोलीत कुणी शिलाईचं मशीन चालवावं तशी. मी तापमानाच्या आकड्याकडे बघत राहिले. तो चढला, पुरेसा चढला, टिकटिक तशीच राहिली. थ्रॉटल वाढवला तशी तीही घाईला आली.

अब्बांनी मान वर केली. "एक नंबर," ते म्हणाले. "काही आवाज नाही."

मला वाटलं भाव पाडायच्या आधीची ही काही चाल असेल. पण त्यांचा चेहरा सरळ होता, आणि चहावर गोल उठत होते, अगदी सारखे, बारीक.

तेव्हा मला ते कळलं. "मोठ्याने बोल" हे मला शाळेपासून सगळेच सांगत आले. टीचर, मामी, ऑफिसातला मॅनेजर. फक्त अब्बा कधी म्हणत नसत. घरात माझं पुटपुटणं दुसऱ्या खोलीतून ऐकू येणारे ते एकटेच होते. वर्षभरापासून तेही म्हणायला लागले, आणि मी मनात धरून बसले होते की अखेर तेही इतरांसारखेच झाले.

"मग?" अब्बांनी विचारलं. "तू वाचलंयस. घ्यायची?"

चाचा, दोन्ही मेकॅनिक, सगळे माझ्याकडे बघत होते. या गल्लीत कुणी जुनी गाडी घेताना अडलं की लोक म्हणतात, रत्नागिरीवाल्याला बोलवा, त्याचा कान लावा. अब्बांची सगळी इज्जत त्या कानावर होती. आवाज आहे, असं मी म्हटलं असतं तर चाचांनी कान लावला असता, मेकॅनिकनी लावला असता, आणि सगळ्यांना ऐकू आलं असतं. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं तर ते यंत्र त्या गावात पोचणार होतं.

भिंतीवर हत्यारांचा बोर्ड होता. त्यावरचा सगळ्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून मी अब्बांच्या हातात दिला.

हेही त्यांनीच शिकवलं होतं. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. हवेतून न येणारा आवाज हाडातून येतो. अब्बांनी स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. मग वाकले. आधी उजव्या कानामागे मूठ धरली. मग डाव्या. डाव्याला बराच वेळ.

सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीचा, सौद्याचा होता. "चाचा, टॅपेट बोल रहा है. खोलके दिखाओगे?"

"खोलने का क्या है, हबीबी? उधर बर्फ में सब चुप हो जाएगा. जैसा है वैसा लो."

अब्बा माझ्याकडे वळले. "नुसतं व्हॉल्व्हचं अंतर ॲडजस्ट करायचं असेल, तर तासाभराचं काम. नसेल तर आत बरंच गेलंय. उघडल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि हा उघडू देणार नाही. आता तू बोल."

"नको," मी म्हणाले.

इंजिन चालूच होतं. त्यांना फक्त माझे ओठ हललेले दिसले.

"नको, अब्बा." या वेळी आवाज इतका मोठा निघाला की फावडेवाला थांबला आणि दुसऱ्याने इंजिन बंदच केलं. मग त्या शांततेत मला थांबता येईना. "पिकअप बंद पडली तर माणूस रस्त्यावर असतो. कुणीतरी येतं. ही बंद पडेल तिथे रस्ताच नसणार. आणि मागे बहुतेक आजारी माणूस बसलेलं असेल."

पोत्यातून पाणी ठिबकत होतं. चाचांनी दाढीवरचा बर्फ पुसला आणि हसले. "इतने साल में बेटी से सलाम के सिवा कुछ सुना नहीं था."

"मैंने भी," अब्बा म्हणाले. "यल्ला, चाय मँगाओ. सौदा खलास."

उरलेला बर्फ चाचांनी पाण्याच्या ड्रममध्ये टाकायला सांगितला. मांजरी जराशा रागावून निघून गेल्या. मी केबिनमध्ये बसून जॉर्जियाला मेसेज लिहिला, की एक पाहिली, पाठवण्यासारखी नव्हती, शोधतोय. त्याचं लगेच उत्तर आलं, थँक यू, बर्फ पडायला अजून वेळ आहे.

संध्याकाळी घरी, दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सला निघालो. मी नेहमीच्या बाजूला जाऊन दार उघडणार तोच अब्बांनी किल्ली पुढे केली. "तू चालव."

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये ते मला कधी गाडी देत नाहीत. मी डावीकडे जाऊन बसले. ते माझ्या उजवीकडे बसले, डावा कान माझ्या बाजूला, आणि बेल्ट लावला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"कधी कळलं?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"आजच."

"अम्मीला सांगू नकोस."

"अम्मीला माहीत असणार. टीव्ही केवढ्याने लावता तुम्ही."

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला, मी दचकून गाडी पुढे घेतली. दुबईची हद्द आल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरची वेळ तूच घे. सगळं इंग्रजीत विचारतात."

"घेते," मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

"सकाळची घे," अब्बा म्हणाले.