पुढच्या सीटवरचा माणूस

त्या रविवारचा विषय निघाला की मला आधी गांजा आठवत नाही, बुंदीचे लाडू आठवतात. पोलीस खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने हे लिहू नये. पण निवृत्तीनंतर लपवून ठेवण्याचा पगार मिळत नाही.

मे महिना होता. भिलाईत मे महिन्यात आत पोलादाच्या प्लांटच्या भट्ट्या आणि बाहेर आभाळ, असं दोन्हीकडून माणूस भाजून निघतो. मी सुपेल्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी झाली, पंख्याखाली बसून पहिला चहा घेतला, तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. मुंशीने ऐकून घेतलं आणि डोळे मोठे करून रिसीव्हर माझ्याकडे दिला.

पलीकडचा माणूस तोंडावर रुमाल धरून बोलत असावा. "साहब, जगदलपुर तरफ से एक सफेद गाड़ी आ रही है. चार आदमी हैं. गांजा है उसमें."

गाडीचा नंबर त्याने सांगितला. मी विचारलं, ओळखायची कशी? तो म्हणाला, "पीछे का बायाँ दरवाजा बाहर से नहीं खुलता, अंदर हाथ डाल के खोलना पड़ता है. और साहब, सामने की सीट पर जो बैठा है ना, पहले उसी को पकड़ना. वो वहाँ बैठने लायक आदमी नहीं है."

फोन बंद झाला. ज्या नंबरवरून फोन आला, तो सुपेल्यातल्या एका रसवंतीवाल्याचा निघाला. त्याला विचारलं तर म्हणाला, कोणी भैया आला होता, मोबाइलची बॅटरी संपली म्हणाला, मी दिला.

ओडिशाकडचा गांजा जगदलपूरवरून वर येतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे खबर खोटी वाटायचं कारण नव्हतं. रोजनामच्यात नोंद केली, वरिष्ठांना कळवलं, आणि पाटणकडून भिलाईत शिरणाऱ्या रस्त्यावर उतईच्या अलीकडे नाका लावला.

थोड्या वेळात पांढरी गाडी दिसली. मी स्वतः रस्त्याच्या मधोमध उभा राहून ती अडवली. डिकी उघडायला लावली. आत खोकीच खोकी, वर सुतळी. मी म्हटलं, सापडले! पहिलं खोकं फोडलं, लाडू. दुसरं फोडलं, लाडू. तिसऱ्यात हात कोपरापर्यंत घातला तेव्हा हवालदार कानाशी येऊन म्हणाला, "साहब, नंबर तो देख लेते. ये लड़की वालों की गाड़ी है."

मी फक्त रंग पाहिला होता. नवरीचे मामा खाली उतरले. वयस्कर माणूस, जराही रागावला नाही. एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "शक है तो खा के देख लीजिए." मी खाल्ला. नाक्यावर, गणवेशात, सगळ्या स्टाफसमोर. हात रुमालाला पुसतो आहे तोवर खरी गाडी समोर येऊन उभी राहिली.

चौघेही चाळिशी ओलांडलेले. डोक्याला गमछे, नाकाचे शेंडे उन्हाने सोललेले. तिघे प्लांटमधले. त्यांचे वडील भंडारा-गोंदियाकडून भट्टीवर कामाला आले आणि इथलेच झाले, अशी ही मराठी घरं. त्यांतला एक गाडीचा मालक, तोच चालवत होता. चौथा, पुढच्या सीटवरचा, रसमड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. नुकताच स्मृति नगरात, मालकाच्या शेजारी राहायला आला होता. नाव कोणाचंच लिहीत नाही. त्याला आपण 'नवा' म्हणू.

मागचं डावं दार मी बाहेरून ओढून पाहिलं. उघडलं नाही.

पंच बोलावले, झडती सुरू झाली. गाडीतून निघालं ते असं: ओले टॉवेल, पत्त्यांचा कॅट, अर्धं कलिंगड, बांबूची एक टोपली आणि बस्तरच्या चिंचेचं पोतं. पोतं रस्त्यावर ओतलं. वितळलेल्या डांबरावर चिंच पसरली आणि तिथलीच झाली. नव्याची बॅग सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कसून तपासली, कारण खबर तशी होती. त्याच्या चड्ड्या-बनियन रस्त्याकडेला मांडले गेले आणि थांबलेल्या मोटरसायकलवाल्यांनी ते मन लावून पाहिले.

गांजाचं एक पान नाही.

आणि मी मनातून म्हणत होतो, निघू दे, काहीतरी निघू दे. खबर खरी ठरावी म्हणून नाही. नाक्यावर त्यांनीच सांगितलं, हे चौघे शुक्रवारी संध्याकाळी सुपेल्यात चहाला उभे होते. एकाने म्हटलं, चला चित्रकोटचा धबधबा पाहू. शनिवारी पहाटे निघालेसुद्धा. माझा सुट्टीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात ही मंडळी धबधब्याखाली आंघोळ करून परत आली होती. असल्या सुखी माणसांकडे थोडा तरी गांजा असायलाच हवा, असं माझं मत झालं होतं.

फोन जमा करून चौघांना ठाण्यात आणलं. वेगवेगळं बसवून विचारलं. चौघांचे जबाब जुळले. गुन्हेगारांचे जुळतात तसे तंतोतंत नाही, खऱ्या माणसांचे जुळतात तसे. रात्री कुठे जेवलो यावर दोघांत भांडण, भाजी खारट होती यावर एकमत.

मग मी खबर पुन्हा मनात घोळवली. मुखबिर, म्हणजे आमचे खबरे, मी पुष्कळ पाहिले. ते माल सांगतात, माणूस सांगतात, जागा सांगतात आणि बक्षिसाचं विचारतात. कोणत्या सीटवर कोण बसायच्या लायकीचा आहे, याच्याशी मुखबिराला काय करायचंय?

एवढ्यात एक गृहस्थ ठाण्यात शिरला. प्लांटचा गणवेश, पायात जाड सेफ्टी शूज, एका हातात थंड पाण्याचा कॅन, घामाने निथळलेला. हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमी ज्याइले आणलं, मी त्याइचा दोस्त. हे लोक तसे नाहीत जी. एकाच सेक्टरच्या क्वार्टरांत वाढलो आमी."

"बरं."

"फक्त तो एक नवा आहे. त्याची ग्यारंटी मी नाही घेत. सामने बसते न, तो. त्याले बराबर विचारा."

"तो पुढे बसला होता हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मोबाइलवर फोटो टाकले होते जी त्याइनं. सगळ्याइनं पाहिले."

उत्तर बिनचूक होतं. मी जरा हिरमुसलो. मग म्हटलं, पाणी गाडीत ठेवा, त्यांना निघताना लागेल. गाडी अंगणात उभी होती, पुढच्या काचा उतरवलेल्या. तो मागच्या डाव्या दाराशी गेला. बाहेरच्या कडीला त्याने हातही लावला नाही. पुढच्या खिडकीतून हात आत घातला, मागे वळवला, आतली कडी ओढली, दार उघडलं. घरातला दिवा अंधारात लावावा इतकं सहज.

मी जवळ जाऊन विचारलं, "यांना ठाण्यात आणलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही अजून कोणाच्या घरी कळवलेलं नाही. फोन तर माझ्या टेबलावर आहेत."

कॅन त्याच्या हातातून निसटला आणि सीटवर आडवा झाला.

आत नेऊन बसवलं, दार लोटलं. दरडावावं लागलं नाही. आधी पाणी दिलं, मग गप्प बसलो. गप्प बसण्याने होते तेवढी चौकशी दुसऱ्या कशाने होत नाही.

"साहेब, ती सीट माही आहे," तो म्हणाला. "गाडी घेतली तेव्हापासून माही आहे. रस्ता मी सांगतो. ढाबा मी ठरवतो. गाडीवाल्याले चालवता चालवता डुलकी आली का चिमटा मी काढतो. अन् काल सकाळी मोबाइल उघडला तर तिथं तो बसून, गॉगल लावून! मले कोणी एक फोनबी नाही केला. कावून? माहं काय चुकलं?"

"म्हणून गांजा?"

"मले वाटलं तुमी त्यालेच धरान. एक दिवस बसवान. मंग याइचा त्याच्यावरचा विश्वास उडन."

"गाडी एक, माणसं चार, आणि मी एकालाच धरणार?"

तो खाली पाहू लागला. "तेवढा इचार नाही केला जी."

आता प्रश्न माझा होता. पोलिसांना खोटी खबर देणं हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार न्यायालयात करायची ती आम्हीच. मी चौघांना आत बोलावलं आणि जे घडलं ते सांगितलं. मागे बसणारे दोघे भिंतीकडे पाहू लागले. गाडीचा मालक मात्र टेबलापर्यंत आला.

"तू? अबे, तू फोन केला?"

"तुमी मले इचारलं नाही."

"कसे इचारणार? मागच्या उन्हाळ्यात ड्युटी सोडून आमच्यासंग पळाला, प्लांटनं चार्जशीट दिली तुले. आणखी एक गैरहजेरी अन् तू घरी! शनिवार-रविवार तुही सेकंड शिफ्ट. तुले इचारलं असतं तर तू थांबला असता का?"

थांबला नसता, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

"तुह्या बायकोनं माह्याजवळ हात जोडले होते, भाऊजी, याले नेऊ नका म्हणून. म्हणून पहाटे निघालो, गाडी तुह्या गल्लीतून नाही काढली. अन् तू आता इथं काय करून राहिला? दोनची शिफ्ट आहे तुही!"

माणसाला वाचवायला निघालेले मित्र त्याला सांगत का नाहीत, हे मला आजवर उमगलेलं नाही. एक वाक्य बोलले असते तर माझी ती लाडवांची फजिती टळली असती. पण या तिघांना वाटलं, सांगितलं तर येईल. आणि याला वाटलं, सांगितलं नाही म्हणजे काढून टाकलं.

मी म्हटलं, "गुन्हा नोंदवला तर शिफ्टचा प्रश्नच उरणार नाही. नोकरी जाईल."

मालकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, फोन आमीच कराले लावला होता. मस्करी होती."

"पोलिसांची मस्करी? मग याच्यासकट तुम्हा तिघांवरही गुन्हा."

"करा न. एकाच गाडीत नेजा."

इतकं वाईट खोटं मी ठाण्यात क्वचितच ऐकलं असेल. मागचे दोघे मान हलवून त्याला दुजोरा देत होते, तेही चुकीच्या जागी. मी नव्याकडे वळलो. भर रस्त्यात अब्रू गेली होती ती त्याची. म्हटलं, "तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. तुमचं म्हणणं मी ऐकेन."

तो चष्मा काढून पुसत म्हणाला, "साहेब, दोन दिवस मी त्या सीटवर बसलो. ढाबा आला की हे म्हणत, तो असता तर इथं नाही, पुढच्या ढाब्यावर थांबवलं असतं. गाणं लावलं की, तो असता तर हे लावू दिलं नसतं. धबधब्यापाशी उभे राहिलो, एवढं पाणी समोर, आणि तिघं याचीच नक्कल करून हसून राहिले होते. मला त्या सीटवर बसवलं होतं, पण बसलेला हाच होता." मग पहिल्यांदाच त्या माणसाकडे पाहून म्हणाला, "खरं सांगू? गांजाची खबर मलाच सुचायला पाहिजे होती. तुमच्या नावाने."

तो पाचवा डोळे वर करून नव्याकडे पाहत राहिला, जणू हा माणूस आत्ता खोलीत आला.

मी वरिष्ठांना फोन लावला. जे होतं ते सांगितलं, लाडवांचं सोडून. ते बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, सक्त ताकीद द्या, लेखी माफी घ्या आणि माझा रविवार वाचवा. रोजनामच्यात मी नोंद केली: झडतीत काही मिळून आलं नाही, खबर द्वेषापोटी दिलेली आढळली, संबंधितास समज दिली. 'द्वेषापोटी' लिहिताना हात जरा अडखळला, पण 'मित्रांनी सोबत नेलं नाही' असा शब्द आमच्या खात्यात नाही.

दोन वाजायला थोडा वेळ उरला होता. "बस बे लवकर," मालक ओरडला. मला वाटलं, आता नवा उठेल आणि पुढची सीट देईल. तो उठला नाही. पट्टा बांधून मोकळा झाला. पाचवा मागे दोघांच्या मध्ये कोंबला गेला, मांडीवर चिंचेचं अर्धं पोतं. तेवढ्यातही तो मालकाला सांगत होता, "फाटकातून डावीकडे घे, तिकडून रस्ता मोकळा आहे." नवा म्हणाला, "उजवीकडून." गाडी काही क्षण तिथेच थरथरत उभी राहिली. कोणत्या बाजूने गेली ते मी पाहिलं नाही. पण त्या आठवड्यात चौकशी केली. शिफ्टला वेळेवर पोहोचला होता.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. पैशासाठी खबर देणारा माणूस गुन्ह्याबद्दल बोलतो. मत्सराने देणारा स्वतःबद्दल बोलतो, फक्त कान देऊन ऐकावं लागतं. पुढे अनेक निनावी तक्रारी मी अशाच वाचल्या, आणि पुष्कळदा लिहिणारा त्यातच कुठेतरी बसलेला सापडला.

संध्याकाळी घरी गेलो. बायको कुरड्यांचा चीक घोटत होती. मी पाट ओढून बसलो आणि सगळं रंगवून सांगितलं. सीटच्या एका वाक्यावरून कसं ओळखलं, दार कसं उघडायला लावलं, गप्प कसा बसलो. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता म्हणेल, तुमचं डोकं चालते बाकी.

ती घोटता घोटता म्हणाली, "त्या माणसाचं चांगलं आहे जी. आपल्याले सोडून गेले म्हणून आतडं जळावं असे दोस्त तरी आहेत त्याले. तुमाले सोडून आज कोणी कुठं गेलं असंल, तर तुमी कोणाचं नाव घेऊन जळान, सांगा बरं?"