पिवळ्या बल्बखाली

त्या जानेवारीत माझं पोस्टिंग दिल्लीत होतं. मी सैन्यात हवालदार, डॉग हँडलर. माझी कुत्री मीरा, सात वर्षांची लॅब्रॅडॉर. स्फोटकं हुंगून शोधणं हे तिचं काम.

हँडलरला पहिला धडा मिळतो तो तपासणीचा. रोज सकाळी कुत्र्याचे डोळे आणि हिरड्या दिवसाच्या उजेडात पाहायच्या. प्रजासत्ताक दिनाच्या परेडच्या ड्यूट्या लागल्या आणि फॉल-इन, म्हणजे सकाळची हजेरी, साडेसातवरून पाचवर आली. बाहेर अंधार, वर धुकं. तपासणी केनेलच्या पिवळ्या बल्बखाली व्हायला लागली. त्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. "मीरा फिट, साब," मी रोज ठणकावून सांगायचो.

सोमवारी तिने जेवण टाकलं, उलटी केली. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "टिक फीवर होगा. दिल्ली में सबको होता है." गोचिडतापाच्या गोळ्या दिल्या, ड्यूटी चालूच ठेवली. ना रक्त तपासलं, ना सोनोग्राफी केली.

गुरुवारी रूटवरच्या गाड्या तपासताना, ७.४० ला कस्तुरबा गांधी मार्गावर ऊन पडलं. पाणी पाजायला मी तिचा ओठ उचलला. हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. कावीळ. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, डॉग टू. डॉग अनफिट, पीलिया है. रिप्लेसमेंट भेजिए. ओव्हर."

"निगेटिव्ह. रूट पूरा करो. आउट."

मी रूट पूर्ण केला. पंचावन्न मिनिटं. मीराने एकही गाडी हुंगायची सोडली नाही. तो राग अजून जात नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

१०.१५ ला आमच्या डॉक्टर मेजर मॅडमनी सोनोग्राफी केली. पित्त घट्ट होऊन जेलीसारखं साचलं होतं, पित्ताची नळी बंद, पित्ताशय फुटलेलं.

"सोमवार को लाते तो निकाल देती," त्या म्हणाल्या. "अब पेट में फैल चुका है."

तरी त्यांनी ऑपरेशन केलं. पित्ताशय काढलं, पोट धुतलं. २.२० ला मीरा टेबलावरच गेली.

दुसऱ्या दिवशी पुष्पचक्र वाहिलं. आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब म्हणाले, "मीरा ने कर्तव्य की राह में प्राण दिए."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साब, दिए नहीं. हमने लिए."

मला लेखी वॉर्निंग मिळाली.

आता मी रिटायर होऊन गाझियाबादला राहतो. दर जानेवारीत केनेलमागच्या तिच्या समाधीच्या दगडाशी जातो, सॅल्यूट करतो आणि माफी मागतो. माफी मागायला अजून दुसरं कुणी आलेलं नाही.